टोपली नव्हे, खुर्ची

काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत माझा लेख छापून आला होता. सोबत माझा फोटो, छातीवर रिबिनीचा बिल्ला, आणि तिसऱ्या परिच्छेदात हे वाक्य: 'गावातील एका इसमाच्या घरी असलेला अनिष्ट टोपली संडास आम्ही त्यांचे मन वळवून कायमचा बंद केला.' या वाक्यात 'गावातील एका इसमाच्या घरी' एवढंच खरं आहे. टोपली नव्हती, अनिष्ट काही नव्हतं, मन कोणाचं वळलं नव्हतं आणि कायमचा बंद तर तो मुळीच झाला नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, आठवणी नंतर देतो, आधी ते वाक्य दुरुस्त करू द्या. विषय गुवाचा आहे. फराळ करत वाचणाऱ्यांनी आधी फराळ उरकावा.

मी ग्रामसेवक होतो. ज्यांचा खेड्याशी संबंध नाही त्यांना सांगतो, ग्रामसेवक म्हणजे वरून आलेला कागद खाली पोचवणारा आणि खालून आलेली शिवी वर न पोचवणारा माणूस. जन्माची नोंद तो करतो, मरणाची तोच करतो, मधल्या काळात घरपट्टी मागतो. नव्वदच्या दशकात आम्हाला वरून आधी झाडं आली, मग निर्धूर चुली आल्या, मग दशक सरता सरता संडास आले. हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याला नव्या सुनेसारखी काहीतरी करून दाखवायची घाई होती. एरवी सरकारी कागदात कोणी शिंकतसुद्धा नाही, पण त्या काळात 'हागणदारी' हा शब्द गोल शिक्का आणि जावक क्रमांकासह माझ्या टेबलावर येत असे. आमच्या आईनं लहानपणी या शब्दासाठी मला चिमटा काढला होता.

माझं गाव कनेरगाव नाक्यापासून आत. नाव लिहीत नाही, कारण त्या गावातले लोक चांगले आहेत आणि चूक माझी आहे. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. संडासाचा खड्डा अशा जमिनीत खणला की श्रावणात तो पाण्यानं भरतो आणि खाली गेलेला माल भांड्यातून पुन्हा वर डोकावतो. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. हापशीवर घागरींची रांग, आणि मिळालेली घागर पोटाला द्यायची की बुडाला, असा प्रश्न. त्यामुळे अनुदानाचे संडास झाले भरपूर, पण त्यांचा उपयोग लोकांनी आपापल्या अकलेनं केला. कोणी गोवऱ्या रचल्या, कोणी शेळी बांधली. एका घरी मी म्हातारीला वापर होतो का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, रोज होतो. दार उघडलं तर भांड्यावर पोतं टाकलेलं आणि त्यावर कोंबडी अंडी उबवत बसलेली. मी नोंदवहीत 'वापर आहे' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

मग निघालं गुड मॉर्निंग पथक. उजाडता उजाडता शिट्टी घेऊन पांदीनं, म्हणजे शेताकडच्या वाटेनं, हिंडायचं आणि उघड्यावर बसलेल्यांना उठवायचं. सोबत किसन असे. तो ग्रामपंचायतीचा सफाई कामगार, माझ्याच वयाचा, गटारं काढून काढून पाठीतून वाकलेला, पण तोंडानं अजिबात वाकलेला नाही. एकदा मी बोरीच्या झुडपाकडे पाहून शिट्टी फुंकली, तर आडून एक वडीलधारा आवाज शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, वाजवायची तं आधी वाजवत जा. मधात वाजवली की दिवसभर तकलीफ राहते." किसन खाली बसून हसला. मी पुन्हा त्या बाजूला गेलो नाही.

दोन महिन्यांत गावातला कोणता माणूस कोणत्या दिशेला आणि किती वेळ जातो हे आम्हाला पाठ झालं. असलं ज्ञान माणसाला नम्र करतं. सरपंच झाला तरी बसतो तसाच. फक्त एक घर सापडत नव्हतं. बौद्धवस्तीतले भिवामामा पाईकराव आणि त्यांची बायको सुभद्रामाय. यादीत त्यांच्या नावापुढे 'शौचालय नाही', आणि पांदीला ते कधी दिसले नाहीत.

"चूल तं रोज पेटती त्यांची," किसन म्हणाला. "खातेत म्हणजे जातेत. पण कुठं?"

म्हणून एका सकाळी आम्ही घरीच गेलो. भिवामामा सरकारी रोपवाटिकेतून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. उंच, बारीक, बोलणं मोजकं. मी विचारलं, मामा, तुम्ही जाता कुठं? त्यांनी मला परसात नेलं. तिथं तुराट्यांचे दोन कूड, म्हणजे चारी बाजूंनी बांधलेले हौद, उभे होते, प्रत्येक जेमतेम बैलगाडीएवढा. एकातून त्यांनी ओंजळभर काळी माती काढून माझ्या हातात ठेवली.

"हुंगा."

मी हुंगली. भुसभुशीत, थोडी ओलसर, झाडाखालच्या पालापाचोळ्यासारखा वास. मी म्हणालो, गांडूळखत झकास जमलंय.

"गांडुळं हायेत त्यात," मामा म्हणाले. "पण त्यांनी आमचं खाल्लंय."

पुढचा बराच वेळ मी हापशीवर होतो. किसन हापसा मारत होता आणि दर वेळी साबण पुढं करत होता. मी परत आलो तेव्हा मामांनी मला आत बोलावलं आणि खुर्ची दाखवली.

त्यांचा शब्द तोच, खुर्ची. बाभळीच्या फळ्यांची एक पेटी, वर बसायला गुळगुळीत घासलेलं भोक आणि झाकण, खाली रंगाची रिकामी बादली. शेजारी डब्यात कुटार, म्हणजे हरभऱ्या-सोयाबीनचा बारीक भुसा. झालं की दोन ओंजळी कुटार टाकायचं. दिसता कामा नये आणि वास येता कामा नये. आला तर कुटार कमी पडलं, एवढंच त्यातलं शास्त्र. पाणी फार जाऊ द्यायचं नाही, म्हणून धुवायला शेजारी तसंच दुसरं आसन, खाली घमेलं, आणि ते पाणी केळीच्या आळ्यात. चौथ्या दिवशी बादली भरली की मामा ती उचलून कुडात नेत. ढिगाच्या मधोमध उकरायचं, ओतायचं, वर गवतकाडी, वर पुन्हा कुटार. बादली खंगाळून ते पाणीही तिथंच. ढीग आतून तापतो. थंडीच्या दिवसांत सकाळी त्यातून वाफ निघताना मी नंतर पाहिली आहे. एक कूड भरला की त्याला वर्षभर हात लावायचा नाही, तोवर दुसरा भरायचा. आणि तयार झालेलं भाजीपाल्याला नाही घालायचं, फक्त झाडांना. हा नियम सगळी नोकरी माती चाळण्यात गेलेल्या माणसाचा होता, तो मोडण्याची कोणाची हिंमत नव्हती.

मी खोलीत नाक फिरवलं. खरं सांगतो, माझ्या कार्यालयाला जास्त वास होता.

हे सगळं त्यांनी सुभद्रामायसाठी केलं होतं. ती विहिरीच्या पायरीवरून पडली, खुबा मोडला, नांदेडला नेऊन सळई घातली. ती काठी धरून चालू लागली, पण उकिडवं बसणं तिच्या नशिबातून गेलं. सुरुवातीला मामा तिला पाठुंगळी घेऊन रानात नेत. तिनंच मला सांगितलं, खाली मान घालून, पण हसत. "लेकरासारखं पाठीवर बसून हागाया जायचं, भाऊसाहेब. निम्मं गाव राम राम करायचं. मरण बरं वाटे." मग मामांनी फळ्या रंधल्या.

मामांच्या लिंबोणीबद्दल सांगायचं राहिलं. त्या खतावर वाढलेली ती लिंबोणी बारा महिने लदलेली असे. वस्तीतलं पाणी न घेणारी घरंसुद्धा तिची लिंबं घेत. लोणच्याला, सरबताला, अमावास्येला मिरच्यांसोबत दारावर टांगायला. माझ्या मोटारसायकलच्या हँडललाही त्यातलंच एक होतं. खुर्ची पाहून बाहेर आलो तेव्हा किसननं त्याकडे बोट दाखवून विचारलं, काढू का? मी म्हटलं, राहू दे, आजवर एकदाही घसरलो नाही.

खुर्ची सगळ्यांना पसंत होती असं नाही. वस्तीतले एक तरुण मास्तर, मामांच्या भावकीतलेच, एकदा माझ्यासमोर त्यांच्यावर चिडले. म्हणाले, आपल्या आज्यांनी मेलेली ढोरं ओढली, ती ओढणं सोडायला किती मार खाल्ला, आणि आता तुमी हातानं बादली उचलून राहिलात. मास्तरांचा राग खोटा नव्हता. मामा म्हणाले, "लोकाचं उचलावं लागलं ती गुलामी, मास्तर. म्या माझं उचलतो. माझ्या बायकोचं उचलतो. यात लाज कुठं हाय, दाखव."

ते वाक्य मी ऐकलं होतं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. पुढं मी जे केलं ते ऐकूनही केलं.

स्वच्छ गावाच्या बक्षिसासाठी तपासणी समिती येणार म्हणून घरोघरचा तक्ता भरायचा होता. रकाने ठरलेले. शौचालय आहे की नाही, असल्यास प्रकार. शोषखड्डा, टाकी, गोबरगॅसला जोडलेला. मामांची खुर्ची यांपैकी कशातच बसेना. 'नाही' लिहावं तर शंभर टक्के होत नव्हते आणि 'आहे' लिहावं तर प्रकार काय? 'खुर्ची' लिहिलं तर कचेरीत हसतील अशी मला भीती. मी मोठ्या बाबूंना फोन केला. ते जेवत होते. त्यांनी विचारलं, बादलीत करतात ना? मग टोपली संडास लिहा, आणि फोन ठेवा.

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, शेरा या रकान्यात: टोपली संडास.

टोपली संडास काय असतो हे मला ठाऊक होतं. जुन्या शहरी घरांना मागच्या बाजूनं एक छोटं दार असे. घरच्यांनी टोपलीत करायचं आणि दुसऱ्या कोणीतरी, जातीनं ठरलेल्या माणसानं, त्या दारातून ती काढून डोक्यावरून न्यायची. त्यावर बंदी घालणारा कायदा त्याच दशकात आला आणि तो चांगलाच कायदा आहे. पण मामांच्या घराला मागचं दार नव्हतं, आणि दुसरं कोणी तिथं कधी आलं नव्हतं. टोपली आणि बादली यांत फरक भांड्याचा नाही, उचलणाऱ्याचा आहे. हे मला त्या दिवशीही समजत होतं. समजून मी सोपा शब्द लिहिला.

आठवड्यात पत्र आलं. गावात टोपली संडास असल्याचं आपल्याच तक्त्यावरून दिसतं, तो तात्काळ नष्ट करून अहवाल द्यावा, अन्यथा आपल्यावर जबाबदारी निश्चित केली जाईल. सोबत माझ्याच तक्त्याची प्रत. मला एक ओळ लिहिता आली असती, की शेरा चुकीचा आहे, प्रत्यक्षात वापरणारे स्वतःच खत करतात. एक ओळ. पण ती लिहिली तर आधी चूक केली हे कबूल करावं लागणार, समिती पाच दिवसांवर, आणि माझी विस्तार अधिकाऱ्याची बढती फाइलमध्ये. मी ती ओळ लिहिली नाही.

मी मामांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "टोपली कोण म्हणलं?"

"कचेरी," मी म्हणालो, आणि पत्र त्यांच्या हातात देऊन मोकळा झालो.

मग मी त्यांचं मन वळवलं. म्हणजे असं सांगितलं की तुमच्या एका घरामुळे गावाचं बक्षीस गेलं तर बोल सगळ्या वस्तीला लागेल. तुम्हाला पक्का संडास आम्ही दोन दिवसांत बांधून देतो. मामा सुभद्रामायकडे पाहत राहिले. ती मला म्हणाली, करा बापू काय करायचं ते.

पक्का संडास खरंच दोन दिवसांत झाला. तिसऱ्या दिवशी खुर्ची मोडायची होती. बादली अर्धी भरलेली होती. ती उचलायला मामा पुढं आले, पण समितीचं एक माणूस एक दिवस आधीच पाहणीला आलं होतं, ते घड्याळ पाहत होतं, फोटो काढायचा होता, आणि फोटोत कर्मचारी हवा होता. मी म्हणालो, किसन, उचल रे.

किसननं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यानं माझ्या प्रत्येक हुकमावर काहीतरी टोमणा मारला, त्या दिवशी मारला नाही. त्यानं बादली उचलली, परसातला कूड सोडून, पत्रात 'गावाबाहेर विल्हेवाट' लिहिलं होतं म्हणून, वस्तीतून, चावडीवरून, शाळेसमोरून ती गावाबाहेर नेली. मी मागं मागं चाललो. मागं मामा आले. शाळेसमोर ते थांबले आणि मला म्हणाले,

"आजवर या घरातलं दुसऱ्यानं उचललं न्हवतं, भाऊसाहेब. आज झाला तुमचा टोपली संडास."

समिती आली. ऊन मी म्हणत होतं, म्हणून सरपंचांनी लिंबाचं सरबत करवलं होतं. लिंबं कोणाची ते सांगायला नको. अध्यक्षांनी दोन पेले घेतले, तिसरा मागितला आणि म्हणाले, एवढं रसाळ लिंबू मराठवाड्यात पाहिलं नाही, खत कोणतं घालता? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, शेणखत, साहेब. किसन पेले गोळा करत होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शेणच व्हतं. फकस्त गाईचं न्हवतं." बादलीच्या दिवसानंतर तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, म्हणून मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

गावाला बक्षीस मिळालं. मला बढती मिळाली. सुभद्रामायला दोन पायऱ्यांवरचं, उकिडवं बसायचं भांडं मिळालं. ती पायऱ्या चढू शकत नव्हती आणि चढली असती तर बसू शकत नव्हती. तिनं पाणी कमी केलं, जेवण कमी केलं. श्रावणात खड्डा भरला आणि नवा संडास आपला धर्म पाळून उलटा वाहू लागला. मामांनी तिला पुन्हा पाठीवर घेतलं, पण आता त्यांचीही पाठ राहिली नव्हती. भाद्रपदात हट्टा या गावाहून लेक येऊन दोघांना घेऊन गेली. लिंबोणीला त्या वर्षी कोणी आळं केलं नाही. दोन उन्हाळ्यांत ती वाळली. लोकांनी सरपणाला नेली, आणि लोणच्याला हिंगोलीच्या बाजारातून लिंबं आणू लागले.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. विस्तार अधिकारी झाल्यावर मी शिट्टी वाजवणाऱ्यांची तपासणी करत असे. निवृत्त झालो, स्मरणिकेत लेख लिहिला, तो मी पाचजणांना वाचून दाखवला. मग मोटारसायकलवरून घसरलो. लिंबू नव्हतं म्हणून नव्हे, रस्ता वाईट होता म्हणून. खुबा मोडला. सळई घातली. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसणं आता विसरा. मुलानं औषधाच्या दुकानातून एक खुर्ची आणली, प्लॅस्टिकची, मधोमध भोक, खाली बादली. मी ती पाहिली आणि मुलाला म्हटलं, मला हट्ट्याला घेऊन चल.

मामा ओट्यावर फळी रंधत बसले होते. हातात ताकद कमी झाली होती, रंधा मात्र सरळ चालत होता. गावातल्या कोणाच्या तरी गुडघे गेलेल्या सासूसाठी खुर्ची करत होते. त्यांच्या हिशोबात ती नववी. सुभद्रामाय इथं आल्यावर पुढं तीन वर्षं जगली, खुर्चीवर बसून, मानानं, असं त्यांनी सांगितलं. परसात दोन कूड होते. लिंबोणी होती.

मी काठीवर रेलून उभा राहिलो आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. तो टोपली हा शब्द कचेरीचा नव्हता, माझा होता.

"ठावं हाय," मामा म्हणाले. "तुमी पत्र माझ्या हाती दिलं, त्याच्या मागं तक्ता व्हता. माझ्या पेन्शनच्या कागदावर तुमचंच अक्षर हाय की. म्या वळखीन न्हाई व्हय?"

इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. मी विचारलं, मग तेव्हाच काहून बोलला नाहीत? ते म्हणाले, "वाट पाहत व्हतो, तुमी बोलता का."

मी माफी मागितली. मामांनी रंध्यातला भुगा फुंकला. म्हणाले, माफीचं राहू द्या, त्याचा मला काही उपयोग न्हाई. तो शब्द खोडा. माझ्या नावापुढं तो लिहिलेला राहू नये.

मी लागलीच तालुक्याला गेलो. जुने तक्ते पोत्यांत बांधून कुठल्याशा गोदामात ठेवले होते आणि गोदामाला वाळवी लागली होती. नव्या बाबूनं कीव केल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, काका, वाळवीनं खाल्लं म्हणजे खोडलंच की. पण तसं नाही. वाळवीनं खाल्लेलं खोडलेलं नसतं, आणि माझ्या लेखातलं वाक्य तर चकचकीत कागदावर छापलेलं आहे, त्याला वाळवी लागायला अजून वेळ आहे. मी हे मामांना कळवीपर्यंत ते गेले होते. दहाव्या खुर्चीच्या फळ्या कापून ठेवलेल्या होत्या, त्या लेकीनं मला दिल्या.

म्हणून दुरुस्ती इथं करतो. मूळ तक्ता उपलब्ध नसल्यानं ही प्रत ग्राह्य धरावी.

कुटुंबप्रमुख: भिवाजी पाईकराव. शौचालय: आहे. प्रकार: खुर्ची. उचलणारा: स्वतः, अपवाद एक दिवस, तो ग्रामसेवकाच्या हुकमानं. शेरा: 'टोपली' हा शब्द खोडला आहे.

त्याखाली आणखी एक ओळ जोडतो. कुटुंबप्रमुख: प्रस्तुत लेखक. प्रकार: खुर्ची, पाईकराव बनावटीची, दहावी. उचलणारा: स्वतः, एका हातात काठी, एका हातात बादली, दर चौथ्या दिवशी. मुलगा म्हणतो बाबा, माणूस लावू. मी त्याला लावू देत नाही. शेरा: लिंबोणी लावली आहे, अजून लहान आहे.